परभणीच्या विद्यापीठाचे नामवंत

एखाद्या विद्यापीठाचे मोठेपण कशावर मोजावे, याचे लोकांनी एक सोपे माप ठरवून ठेवले आहे. त्या विद्यापीठातून कोण कोण शिकून गेले, एवढे विचारले की झाले. नावे मोठी निघाली तर विद्यापीठ मोठे. नावे निघाली नाहीत तर विद्यापीठ यथातथाच. हे माप सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु परभणीच्या कृषी विद्यापीठाला ते लावू गेल्यास काय होते, आणि तेथे हे मापच बदलावे लागते की काय, याचा विचार या व्याख्यानात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जुन्या मापाची दोन उत्तम उदाहरणे घेऊ. पहिले दूरदेशीचे आहे. बांडुंग हे नाव १९५५ सालच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेमुळे आपल्याकडील वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाचे झाले. त्या शहरात डचांनी १९२० साली तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय स्थापिले. वसाहतीला रस्ते, पूल आणि कालवे बांधावयाचे होते. त्यासाठी अभियंते हवे होते. एवढाच त्यामागील हिशेब होता. त्याच महाविद्यालयातून १९२६ साली सुकार्णो नावाचा एक तरुण स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी त्याने राष्ट्रीय पक्षाची स्थापना केली आणि १९४५ साली इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. डचांनी पूल बांधणारा माणूस तयार करावयास घेतला आणि तयार झाला तो त्यांचे राज्य मोडणारा. १९५९ पासून ही संस्था बांडुंग तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते आणि तिच्या नामवंतांची गणना अर्थातच सुकार्णोंपासून सुरू होते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. पुण्यास १८५४ साली इंग्रज सरकारने बांधकामखात्याकरिता हाताखालची माणसे तयार करण्याचा वर्ग उघडला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ साली त्यास तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथूनच १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले. त्यांचा आणि आमच्या मुलखाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादेत हजारो माणसे दगावली, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांनाच पाचारण केले. पूर अडविणारा उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. परभणी तेव्हा त्याच राज्यातील एक जिल्हा. राजधानी पुरापासून वाचली. जिल्ह्याला मात्र पाटाच्या पाण्यासाठी पूर्णा प्रकल्प आणि जायकवाडी होईपर्यंत वाट पाहावी लागली.

या दोन्ही संस्थांचा आरंभ राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाला, ही गोष्ट ध्यानी ठेवून आता परभणीकडे वळू.

१९१८ हे साल हैदराबाद संस्थानाच्या शिक्षणेतिहासात उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच साली परभणीस सरकारने शेतीच्या प्रयोगांसाठी मोठे प्रक्षेत्र सुरू केले. एकीकडे राजधानीत उर्दू माध्यमाचे विद्यापीठ आणि दुसरीकडे मराठवाड्याच्या काळ्या रानात प्रयोगाची शेते, असा हा जोड होता. मुलखात ज्वारी, कापूस आणि फळझाडे यांवर काम करणारी केंद्रे होती. पण शेतीचे शिक्षण घ्यावयाचे तर हैदराबादेसच जावे लागे. म्हणजे बियाण्याची परीक्षा परभणीच्या मातीत होई आणि माणसाची परीक्षा राजधानीत. ज्याच्या घरी औत आहे त्याच्या पोराला शेतीचे शास्त्र शिकण्यास आपला मुलूख आणि आपली भाषा दोन्ही मागे टाकाव्या लागत. सरकारी शेताच्या कुंपणाआत काय चालले आहे याची बाहेरच्या कुणब्याला फारशी खबर नसावी, यात मग नवल ते काय?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. १९५६ साली, हैदराबाद राज्याच्या अखेरच्या वर्षात, परभणीस कृषी महाविद्यालय निघाले आणि पोराने हैदराबादेस जाण्याची गरज उरली नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६८ साली राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले व ते राहुरीस स्थिरावले. १९६९ साली अकोल्याचे झाले. आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाड्यासाठी परभणीस स्वतंत्र विद्यापीठ आले. त्याच दिवशी कोकणासाठी दापोलीचेही झाले. तेव्हाच्या पाच आणि आजच्या आठ जिल्ह्यांचा शेतीसंसार परभणीच्या वाट्यास आला. वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील ही घटना. २०१३ साली त्यांच्या जन्मशताब्दीस विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले.

मे महिन्यात विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना ते पुरणार नाही. बागायतदार शेतकरी रस्त्यावर खडी फोडावयास बसला. अशा वर्षी जन्मलेल्या विद्यापीठापुढे प्रश्न कोणता, हे कोणी फळ्यावर लिहून देण्याची आवश्यकताच नव्हती. कमी पाण्यात, आपल्या जमिनीत, आपल्या रोगराईत टिकेल असे पीक कोणते, हाच तो प्रश्न होय.

याचे उत्तर शोधताना या विद्यापीठाने जे नामवंत घडविले त्यांतील एक तर देशभर गाजला. तो माणूस नव्हे, भेंडी आहे. शेतकऱ्यांच्या जिभेवर पुसा सावनी ही दिल्लीची जात एके काळी रुळलेली होती. पण पुढे ती केवडा रोगाला बळी पडू लागली. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पांढुरकी होतात, आणि बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. परभणीच्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्याच एका रानटी भावंडाशी केला. रानटी झाडात रोग सोसण्याची ताकद होती. परंतु अशा दूरच्या सोयरिकीत बी धरण्याची अडचण येते आणि रानटीपणाही बरोबर येतो. म्हणून संकराची संतती पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी जोडावयाची, दर पिढीत रोगट झाडे उपटून टाकावयाची आणि निरोगी तेवढी राखावयाची, असे ते चिकाटीचे काम होते. त्यातून परभणी क्रांती निघाली. डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी तिची हकीकत १९८६ साली अमेरिकेतील शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. डॉ. नेरकर पुढे राहुरीच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण ज्या बागवानाने या भेंडीचे बी पेरले त्यास ही नावे ठाऊक नसतात. त्याला ठाऊक असते ते गावाचे नाव: परभणी.

हीच गोष्ट इतर पिकांची. नांदेडच्या केंद्रातून निघालेला एन.एच.एच. ४४ हा संकरित कापूस ‘नांदेड चव्वेचाळीस’ या नावाने कोरडवाहू रानात घरोघर पोहोचला. बदनापूरच्या केंद्राने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारी बी.एस.एम.आर. ७३६ ही तूर दिली. सोयाबीनमध्ये समृद्धी, ज्वारीमध्ये परभणी मोती ही नावे प्रसिद्धच आहेत. २०१८ साली हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने परभणी शक्ती ही ज्वारी पुढे आली. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे लोह सुमारे ३० मिलिग्राम असते, हिच्यात ४५. जस्त २० च्या जागी ३२. ज्या घरात भाकरी हेच मुख्य अन्न आहे, तेथील बाईच्या आणि लेकराच्या रक्ताचा हा प्रश्न आहे हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

आता कोणी म्हणेल, बियाणी म्हणजे काही पदवीधर नव्हेत. खरे आहे. पण एका वाणामागे किती पदवीधर उभे असतात याचा विचार करावा. भर उन्हात फुलांची नरकोशिका चिमट्याने काढून टाकणारा, ओळीओळीने झाडे मोजणारा, दहा ठिकाणी चाचणी लावून त्यांतल्या नऊ ठिकाणी निराश होणारा, हे सारे याच महाविद्यालयांतून शिकून निघालेले. त्याच्याहून पुढे, गावोगाव फिरणारा कृषी सहायक आहे, बँकेत पीककर्जाची फाईल पाहणारा अधिकारी आहे, तालुक्याच्या बाजारपेठेत औषधांचे दुकान मांडून बसलेला पदवीधर आहे. सुकार्णो किंवा विश्वेश्वरय्या यांच्या पंक्तीत यांची नावे येणार नाहीत. तथापि शेतकऱ्याला हंगामात ज्याच्याशी प्रत्यक्ष गाठ पडते, तो विद्यापीठाचा प्रतिनिधी हाच.

येथवर गौरव झाला. पण केवळ गौरवासाठी इतिहास सांगावयाचा तर त्यास भाट पुष्कळ आहेत. याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोग स्वस्थ बसत नाही. परभणी क्रांतीवरही पुढे केवडा दिसू लागला आणि शास्त्रज्ञांना काम नव्याने मांडावे लागले. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत खासगी कंपन्यांच्या पाकिटांनी नांदेड चव्वेचाळीसला रानाबाहेर काढले. दरसाल बी विकत घ्यावे, त्यासाठी उसनवारी करावी, आणि पाऊस चुकला की ती फिटू नये, हे चक्र मराठवाड्यातील किती घरांत दुःख घेऊन आले ते येथील श्रोत्यांना सांगावयास नको. विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी कापूसही तयार केले आहेत. देशी कापूस कमी पाण्यात तग धरतो, त्याचे बी घरचे ठेवता येते. मग ते रानोरानी का दिसत नाहीत? वाण तयार होणे आणि पुरेसे बी वेळेवर शेतकऱ्याच्या दारी पोहोचणे, या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे, आणि ते अंतर प्रयोगशाळेत तुटत नाही.

पदवीधरांचेही तसेच. शेतीची पदवी घेऊन स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसलेली मुले आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या बापाने शेतीत आयुष्य घालविले तोच मुलाला शेतीपासून दूर जा म्हणून सांगत असेल, तर मुलाने वेगळे काय करावे? शेतीला मिळणारा भाव हाच येथे खरा परीक्षक आहे. आणि त्याच्यापुढे कोणत्याही विद्यापीठाची पदवी अपुरी पडते.

तरीसुद्धा एक भेद उरतोच. बांडुंगची आणि पुण्याची संस्था परक्या राजाने आपल्या सोयीसाठी काढली. तेथील मोठी माणसे त्या सोयीच्या पलीकडे गेली म्हणून मोठी ठरली. परभणीचे विद्यापीठ स्वराज्यात, शेतकऱ्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच करातून उभे राहिले. येथील पदवीधराला पलीकडे कोठे जावयाचे नाही. विद्यापीठाच्या कुंपणापासून शेजारच्या बांधापर्यंत जावयाचे आहे. १९१८ सालचे ते कुंपण आज किती उरले आहे, हे पाहावयाचे असेल तर गौरवग्रंथ चाळू नयेत. मृगाच्या तोंडावर पेरणीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत कोणाचे बी आहे, आणि त्या बियाण्याविषयी शंका आली तर तो कोणाला विचारतो, एवढे पाहावे. त्याने विद्यापीठाचे नाव घेतले, तर नामवंतांची यादी कोणी मागणार नाही.