शंभर रुपयांचे मोल

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत कातडी बांधणीची एक जुनी वही आहे. पूर्वजांनी आपल्या आप्तांच्या आत्म्यांसाठी देऊन ठेवलेल्या मिस्सांची ती नोंदवही. १९१२ सालच्या पानावर एका विधवेचे नाव आहे. पतीच्या आत्म्यासाठी दरवर्षी एक मिस्सा व्हावी म्हणून तिने रोख शंभर रुपये चर्चला दिले. ते साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यात गुंतवावेत आणि वर्षाकाठी येणाऱ्या साडेतीन रुपयांतून मिस्सेचे दान व मेणबत्त्यांचा खर्च भागवावा, अशी नोंद आहे. नोंदीतला शेवटचा शब्द आहे, 'कायमची'.

गेल्या वर्षी तिचा पणतू आमच्याकडे आला. त्याने विचारले, "फादर, आमच्या पणजीने ठेवलेली मिस्सा अजून होते का?" आम्ही वही उघडली. ती मिस्सा स्वतंत्रपणे होण्याचे कधीच थांबले होते. अशा सर्व जुन्या दात्यांसाठी आता नोव्हेंबरात एकच सामायिक मिस्सा अर्पण केली जाते. "बाळा, साडेतीन रुपयांत आज एक मेणबत्तीही येत नाही," असे आम्ही हसून म्हणालो. तो हसला नाही. "पण फादर, ते पैसे देण्यासाठी तिने शेताचा तुकडा विकला होता, असे आमच्या घरात सांगतात," तो म्हणाला. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शंभर रुपये गेले तरी कुठे, याचा शोध घेणे आम्हाला भाग पडले.

त्या बाईने पदरातून सोडून दिलेला रुपया कसा होता, ते प्रथम पाहू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. हे नाणे इतके नेमके होते की सोनार व दुकानदार त्याचाच वजन म्हणून उपयोग करीत. ८० रुपये तागडीत टाकले की पक्का शेर होई. या हिशेबाने त्या बाईचे शंभर रुपये शंभर तोळे भरले असणार. त्यांतील शुद्ध चांदी एक किलोहून थोडी जास्तच होती. आजच्या बाजारात तेवढ्या चांदीची किंमत लाख रुपयांच्या पुढे आहे. चर्चच्या खात्यात मात्र ते शंभरचे शंभरच राहिले.

असे का झाले? रुपया हा शब्द तोच राहिला आणि त्याखालची वस्तू बदलत गेली, हे त्याचे थोडक्यात उत्तर. त्याआधीही रुपयाची चांदी व रुपयाची किंमत यांची फारकत झालेली होती. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. तेव्हा १८९३ साली सरकारने खाजगी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले आणि रुपया त्यातील चांदीपेक्षा महाग ठेवला. पहिल्या महायुद्धात फासे उलटे पडले. चांदी इतकी महागली की नाणे वितळवणे फायद्याचे ठरू लागले. १९१७ साली सरकारने त्यास बंदी घातली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा करून सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानातील नाण्यांसाठीच.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरले आवरण काढून टाकले. १९४० च्या रुपयात निम्मीच चांदी उरली. राणीच्या व तिच्या वारसांच्या छापाचे अस्सल चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात चलनातून बाद करण्यात आले. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून भोकाचा पैसा आला. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा होता. चांदी गेली, नाव राहिले.

मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याची किंमत सव्वासहा नये पैसे ठरली. चवली, पावली व अधेली गेल्या; तरी आमची आजी पंचवीस पैशांना शेवटपर्यंत 'चार आणे'च म्हणत असे. रविवारच्या मिस्सेसाठी ती आमच्या मुठीत दहा पैशांचे ॲल्युमिनियमचे हलके नाणे ठेवी. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालची सारी नाणी कायद्यानेच बाद झाली. भाषेने मात्र ती जपून ठेवली आहेत. खरे बोलणे अजून सोळा आणे असते, गरीब पै पै जमवतो आणि कंजूष माणूस चमडी गेली तरी दमडी सोडत नाही.

येथे शुभवर्तमानातील ठेव्याच्या दाखल्याची आठवण होते. धन्याने दिलेली ठेव जमिनीत पुरून ठेवणारा चाकर त्या कथेत दोषी ठरतो. आमच्या वहीतील शंभर रुपये कोणी मडक्यात घालून पुरले असते, तर या एका बाबतीत तोच शहाणा ठरला असता! परंतु पूर्वीच्या धर्मगुरूंना दोष देता येत नाही. त्यांनी दात्रीच्या इच्छेप्रमाणे, त्या काळी सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या ठिकाणी पैसे गुंतवले. त्यांच्या हातून चोरी झाली नाही की हयगय झाली नाही. तिजोरीला कोणी हात लावला नाही, तरीही आतले धन झिजले.

ख्रिस्तसभेला हे दुखणे नवे नाही. ज्या रोमन साम्राज्यात ती जन्मली, त्याचा चांदीचा दिनार नीरो बादशहाने इ. स. ६४ मध्ये हलका केला आणि तिसऱ्या शतकात तर रोमच्या चांदीच्या नाण्यांवर नावापुरताच चांदीचा मुलामा उरला. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेला याच प्रश्नाची दखल घ्यावी लागली. जुन्या देणग्या इतक्या तुटपुंज्या झाल्या होत्या की त्यांवरील मिस्सांचे बंधन पाळणे अशक्य झाले होते. ते कमी करण्याची मुभा बिशपांना देण्यात आली. १९८३ च्या धर्मसंहितेतही, उत्पन्न घटल्यास अशा मिस्सांची संख्या कमी करण्याची तरतूद १३०८ व्या कलमात आहे. आमच्या धर्मग्रामातील सामायिक मिस्सा अशा परवानगीनेच सुरू झाली. कायद्याने आम्ही मोकळे होतो. तरीही त्या पणत्याचा प्रश्न सुटला नव्हता.

उत्तर आम्हाला मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेपाशी सापडले. तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या. त्यांची मिळून रोमची एक दमडी होई. रोमच्या एका दिनाराचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाच्या चार दमड्या. म्हणजे एका दिनाराच्या ६४ दमड्या, अगदी आपल्या जुन्या रुपयाच्या ६४ पैशांप्रमाणे. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. तेव्हा त्या विधवेचे दान एका रोजाचा चौसष्टावा हिस्सा होते. प्रभूने मात्र नाणे मोजले नाही. देणाऱ्याजवळ मागे काय उरले, ते पाहिले. आज ते नाणे बाजारात चालत नाही, पण ते दान दोन हजार वर्षांत तसूभरही उतरलेले नाही.

आमची चूक आम्हाला तेथे कळली. आम्ही साडेतीन रुपयांकडे पाहून हसलो होतो. त्यामागचा शेताचा तुकडा आम्हाला दिसला नव्हता.

आम्ही त्या तरुणाला निरोप धाडला. तो आला तो दहा हजार रुपयांचे पाकीट घेऊनच. "फादर, आता हे ठेवा आणि पणजीची मिस्सा पुन्हा सुरू करा," तो म्हणाला. आम्ही पाकीट परत केले. त्याच्या पणतवंडांच्या काळात त्या दहा हजारांचे काय होईल, हे आता आम्ही दोघेही जाणत होतो. "मिस्सा होईल," आम्ही म्हणालो, "पण त्या दिवशी तू घरच्यांना घेऊन ये. मुलांना तिचे नाव माहीत असू दे." ज्येष्ठाच्या पावसात, सकाळी साडेसहाला, त्यांच्या घरातील अकरा माणसे पहिल्या दोन बाकांवर बसली होती. सर्वांत धाकट्या मुलीने आपल्या खापरपणजीचे नाव मोठ्याने वाचले.

नंतर आम्ही नित्याप्रमाणे मिस्सेची नोंद करावयास बसलो. दानाच्या रकान्यापाशी लेखणी क्षणभर थांबली. मग आम्ही लिहिले: 'सन १९१२ मध्ये पावले.'