आपला किनारा, आपला कचरा

सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण नोंदणी, ताबा, पहिली कमिटी, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असं सगळं लिहितो. ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं आहेच. मला मात्र आपल्यापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याचा इतिहास लिहायचा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीइतकाच तोही बदलला, आणि तो बदलणारी माणसं आपल्यासारखीच फ्लॅटमध्ये राहणारी होती.

आपण इथे राहायला आलो तेव्हा "सी-साईड"चं कौतुक होतं. पण ओहोटीच्या वेळी पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. वाळूवर पिशव्या, चपला, थर्माकोल आणि दुधाच्या पिशव्यांचा थर असायचा. मुलांना घेऊन फिरायला जायचं तर आपण जुहूची रिक्षा पकडायचो.

हा कचरा येतो कुठून? आपण समजतो, फिरायला येणारे लोक टाकतात. थोडा तसा असतोही, पण पुष्कळसा नाल्यांतून येतो. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या मुंबईच्या चार नद्या. आज त्यांना बहुतेक जण नालाच म्हणतात. यातली ओशिवरा आरेच्या डोंगरातून निघते, गोरेगाव-जोगेश्वरीच्या वस्तीतून वाहत मालाडच्या खाडीला मिळते, आणि खाडीचं तोंड वर्सोव्याजवळ आहे. पावसाळ्यात नाले जे समुद्रात नेऊन टाकतात, ते नैर्ऋत्येचा वारा आणि भरती मिळून पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. समुद्र काही ठेवून घेत नाही, असं कोळीवाड्यातले लोक म्हणतात ते यासाठीच.

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिन्यात अनोळखी माणसं रात्रभर बसली होती आणि प्रत्येक मजल्यावरून चहा खाली येत होता. मिठी नदी शहरात आहे, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळलं. नद्यांची पात्रं अरुंद झाली होती, भराव पडले होते, आणि प्लॅस्टिकने गटारांची तोंडं बुजली होती. त्यानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, नदीसाठी प्राधिकरण झालं. तरी आपल्या पिशव्या काही कमी झाल्या नाहीत.

लोकांनी स्वतः हातात झाडू घेणं महाराष्ट्राला नवं नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोक लाजून आपोआप हाताला लागत. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. मुंबईत गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एनएसएसची मुलं चौपाट्यांवर मूर्तींचे अवशेष गोळा करतात. डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य निर्माल्य गोळा करून त्याचं खत करतात. परदेशातही असंच घडलं. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर २,८०० स्वयंसेवकांनी दोन तासांत १२४ टन कचरा उचलला. त्यांनी एक शहाणपणा केला: काय काय सापडलं त्याची यादी लिहून ठेवली. कचरा कुणाचा आणि कुठून आला, हे यादीवरून कळतं. आता दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अनेक देशांत किनारा साफ करतात आणि अशी यादी करतात.

मात्र हे सगळे कार्यक्रम एक दिवसाचे. वर्सोव्यात वेगळं घडलं ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. अफरोज शाह हे वकील किनाऱ्यालगतच्या इमारतीत राहायला आले. खिडकीतून दिसणारा कचरा पाहून कुणाला पत्र लिहीत न बसता ते स्वतः हातमोजे घालून खाली उतरले. सोबतीला शेजारी हरबंश माथूर होते, वय वर्षे ८४! सुरुवातीला ही दोनच माणसं. पुढच्या आठवड्यात आणखी काही आले. मग कोळी बांधव, शाळा-कॉलेजची मुलं, सिनेमातले लोक, असे शेकडो येऊ लागले. दर शनिवार-रविवारी हेच काम. सुमारे अडीच किलोमीटरच्या किनाऱ्यावरून दोन वर्षांच्या आतच ५० लाख किलोंहून जास्त कचरा निघाला. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये, शंभराहून जास्त आठवडे झाल्यावर, गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना दमदाटी होते म्हणून मोहीम थांबवण्याची वेळ आली. नंतर ती पुन्हा सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे ८० पिल्लं वर्सोव्याच्या वाळूतून समुद्राकडे गेली. कितीतरी वर्षांनी असं झालं होतं. त्याच महिन्यात राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या सोसायटीतूनही काही जण त्या मोहिमेला गेले होते. पहिल्या रविवारी आम्ही चौदा जण होतो. परत येताना वडापाव, ग्रुपवर फोटो, सगळं झालं. दुसऱ्या रविवारी नऊ, चौथ्या रविवारी दोघंच. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या घरी पाहुणे. मी स्वतः पाचव्या रविवारी गेलो नाही, हे कबूल करतो. वाळूत अर्धी रुतलेली पिशवी ओढून काढायला किती जोर लागतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आपल्याला हे चार रविवार जड गेले. पालिकेचे सफाई कामगार मात्र हेच काम रोज करतात.

तिथे भेटलेल्या एका कोळी मावशींचं बोलणं मात्र मनात राहिलं. त्या म्हणाल्या, "तुमी एक दिस येता, बरं वाटतं. पन आमच्या डोलीत म्हावऱ्यासंगं पिशव्या येतात त्या रोज येतात. निवडायलाच येळ जातो." डोल म्हणजे प्रवाहात रोवून लावायचं जाळं. जे वाहत येईल ते त्यात शिरतं, बोंबील असो की आपल्या घरातली पिशवी. आपल्याला किनारा फिरायला हवा. त्यांचं पोट त्यावर चालतं.

म्हणून मला वाटतं, किनाऱ्याची सफाई आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू होते. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा स्वतःच्या आवारात जिरवायला सांगितलं. एजीएममध्ये त्यावर किती वादावादी झाली, ते आठवून आज हसू येतं. "वास येईल", "उंदीर होतील", "खर्च कोण करणार"... शेवटी पिट झाला, आणि त्याच खतावर आज आवारातली सोनचाफ्याची झाडं वाढली आहेत. पण खरं सांगायचं तर अजूनही काही घरांतून ओलं-सुकं एकत्रच येतं, आणि ते वेगळं करायला आपल्या सफाईवाल्या बाईंना हात घालावा लागतो.

रौप्यमहोत्सवी वर्षात कमिटीने रोषणाई केली, कार्यक्रम केले, छानच झालं. माझी एकच विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्यातल्या पाच जणांनी दोन तास किनाऱ्यावर जायचं. चौदा नकोत, पाचच, पण पाळीपाळीने आणि न चुकता. आणि काय सापडलं त्याची यादी नोटीस बोर्डावर लावायची. यादीत आपल्याच दुकानाची, आपल्याच ब्रँडची पिशवी दिसली की बाकीचं बोलावं लागणार नाही.

पहिल्या पाळीत माझं नाव लिहून घ्या. यावेळी पाचव्या रविवारी मी चुकणार नाही.