मरणाचा खर्च

धनत्रयोदशीच्या सांजेला कणकेचा दिवा करून तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. एरवी दिव्याची वात आपण त्या दिशेला चुकूनही करीत नाही. त्या एका सांजेला मात्र मुद्दाम करतो, कारण तो दिवा यमाचा. पुढे चार दिवसांनी, यमद्वितीयेला, त्याच यमाला आपण बहिणीच्या घरी जेवायला बसवतो. ऐन सणात पूर्वजांनी यमाची अशी दोनदा आठवण ठेवली आहे. तेव्हा दिवाळी अंकात मरणाच्या खर्चाचा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. फराळाचे ताट बाजूला सारण्याचेही कारण नाही. मला सांगायचा आहे तो इतिहास आहे, आणि तोही पैशाचा.

माझे आयुष्य सोलापूरच्या नवी पेठेत गेले. ही कापडाची बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब आणि कोरे पांढरे कापड मागायला येणारा माणूस, दोघेही त्याच दुकानाची पायरी चढतात. बस्त्याच्या गिऱ्हाइकाबरोबर घरची दहा माणसे आणि चार महिन्यांची तयारी असते. पांढरे कापड मागणारा भाव करीत नाही, पोत पाहत नाही. त्याच्याबरोबर शेजारचा एखादा मुलगा असतो, आणि खिशातले पैसे पुष्कळदा त्या मुलाच्या बापाचे असतात. लग्न सांगून येते, मरण न सांगता येते. साऱ्या विषयाचे मर्म या एका फरकात आहे, असे मला वाटते.

खेड्यात या पहिल्या दिवसाला पैसा फारसा लागत नसे. बांबू कोणाच्या तरी परसातला, गोवऱ्या घरोघरच्या, लाकूड बांधावरच्या बाभळीचे, मडके बलुतेदार कुंभाराचे. मयताच्या घरी चूल पेटत नसे. भाऊबंद पिठले-भाकरी आणून चार घास खायला लावीत. खरा खर्च येई तो दहाव्या-तेराव्याला. कारण तेथे पिंडाबरोबर गावजेवण होते, दक्षिणा होती, आणि मुख्य म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ हे होते.

या जेवणावळींनीच रयत बुडाली, असे शहाणेसुरते लोक दीडशे वर्षे सांगत आले आहेत. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत रोखे-खतांच्या होळ्या झाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने नगर जिल्ह्यातली बारा गावे तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात आढळले आणि त्यांचे कर्ज सरासरीने सरकारी साऱ्याच्या अठरा पट भरले. पण त्याच आयोगाने एक गोष्ट स्वच्छ नोंदवून ठेवली आहे. लग्न आणि इतर कार्यांच्या खर्चाला लोक कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व देतात. तो खर्च जमेस धरण्याजोगा खरा, पण कर्जाचे मूळ क्वचितच त्यात असते. ते असते धान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांच्यासाठी घेतलेल्या लहान लहान रकमांत. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा आणि नगर यांच्याबरोबर आमच्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. गरिबाला उधळ्या म्हणण्याआधी हे एवढे लक्षात ठेवावे.

म्हणून सुधारकांचे चुकले असे मात्र नव्हे. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, आणि मध्यस्थ भटजीवाचून, थोड्या खर्चात आपली कार्ये आपणच करावीत असा पायंडा पाडला. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून कोणकोणत्या निमित्ताने पैसा निघतो, याचा त्यांनी पाढाच वाचला आहे. 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले. टिटवे कोणी धरायचे यावरून वाद झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. अंत्यविधीत पैशापेक्षा मानाचा प्रश्न किती मोठा असतो, हे त्या प्रसंगावरून कळते. पुढे गाडगेबाबांनी कर्ज काढून कार्ये करू नका म्हणून गावोगाव कीर्तने केली. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी झोपडीही नाही. त्यांच्या बोलण्याला जोर होता तो त्यामुळे.

सुधारकांनी तेराव्याचा खर्च कमी केला. पण इकडे शहरात पहिल्याच दिवसाचा खर्च वाढू लागला होता. 1877 साली सोलापुरात ‘जुनी गिरणी’ निघाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे या गावात पोटासाठी एकत्र झाली. त्यांच्या चाळीला परसही नव्हते आणि बांधावरची बाभळही नव्हती. बांबू विकतचा, मडके विकतचे, लाकूड तर वखारीतून तोलून आणायचे. एका सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. गावी शेजाऱ्यांच्या हातून जे आपसूक येत असे, ते सारे येथे रोख पैशांत मोजावे लागले. खर्च वाढला तो हौसेने नव्हे.

आणि रोख पैसा हाताशी केव्हा असायचा? 1936 च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार देणे भाग पाडले. मरण काही पगाराची तारीख पाहून येत नाही. ते पंचवीस तारखेला आले की सावकाराच्या दाराशी जाणे आले. 1931 साली व्हिटली आयोगाने लिहिले, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर. म्हणजे वर्षाला शेकडा 75. समजा, बापाच्या मातीसाठी एखाद्याने चाळीस रुपये काढले, तर महिन्याला अडीच रुपये नुसते व्याज. वर्षाअखेर तीस रुपये फिटले, मुद्दल होते तसेच! आणि 1949 च्या ऑगस्टमध्ये जुनी गिरणीच बंद पडली, तेव्हा हजारो घरांचा पगारही थांबला. ती पुन्हा चालवण्यासाठी सरकारला खास कायदा करावा लागला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

यावर उपाय आमच्याच गावातल्या काही चालींत होता, आणि आहे. मुसलमान बांधवांत जनाजा मशिदीचा असतो. धनिकाचा आणि हमालाचा देह एकाच जनाजावरून जातो, आणि पुरुषाला कफनाची वस्त्रे तीनच. लिंगायत समाजात दफनाची रीत असल्याने सरणाच्या लाकडाचा प्रश्नच येत नाही. जी वस्तू सर्वांच्या मालकीची, तिच्यात बडेजाव करता येत नाही आणि तिच्यासाठी कर्जही काढावे लागत नाही.

परदेशातही गरिबांना हे उमगले होते. इंग्लंडात 1832 च्या कायद्याने अनाथालयांतली बेवारस प्रेते विच्छेदनासाठी वैद्यकशाळांना मिळू लागली. त्या धास्तीने गिरणगावांतले मजूर आठवड्याला एक-एक पेनी भरून दफन-मंडळ्या चालवीत. पोटाला चिमटा घेतील, पण ही पेनी चुकवणार नाहीत! पुढे 1949 पासून तेथील सरकारने प्रौढाच्या मृत्यूमागे 20 पौंड देण्यास आरंभ केला. 1967 मध्ये त्याचे 30 झाले आणि पुढे वीस वर्षे तेवढेच राहिले. महागाईने ती रक्कम खाऊन टाकली, आणि 1987 मध्ये तिचा निकाल लागला.

आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा 1948 चा. त्यात अंत्यविधीच्या खर्चाची तरतूद 1966 च्या दुरुस्तीने आली. मर्यादा 100 रुपये. ती वाढत वाढत 2019 मध्ये 15,000 झाली. या तरतुदीत एक शहाणपण आहे: मृताला कुटुंब नसेल, तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला पैसे मिळतात. पण मदत विमेदार कामगार गेला तरच. त्याची आई किंवा मूल गेले तर नाही. शिवाय दहा माणसांहून लहान कारखाना सहसा योजनेबाहेर. सोलापुरातल्या कितीतरी यंत्रमागांवरचे हात आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायाबापड्या तिच्या सावलीत येत नाहीत. आणि जे येतात, त्यांनाही पैसे मिळतात ते दाखला आणि अर्ज दिल्यानंतर. सरण तर त्याच दिवशी रचायचे असते. मुंबई महानगरपालिका प्रत्येक देहामागे 300 किलो लाकूड मोफत देत आली आहे. मला ती रीत अधिक उमजदार वाटते, कारण तेथे मदत वस्तूच्या रूपाने, लागते त्या घटकेला मिळते.

इतिहासावरून मी एवढेच शिकलो, की या खर्चात गरिबाला उपदेश नको असतो; त्याला पहिल्या तासाला हाती थोडे पैसे हवे असतात आणि ते व्याजाचे नसावेत. म्हणून प्रत्येक पेठेने, प्रत्येक चाळीने एक लहानसा निधी ठेवावा. पैसे आधी द्यावेत, कागद मागाहून पाहावेत. शिडी, दोर, शेगडी यांसारख्या वस्तू सामाईक असाव्यात. कोणाला काय दिले याचा फलक लावू नये. ज्याला जमेल त्याने सवडीने परत करावे. न जमले तर कोणी विचारू नये. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपल्या घरचा तेरावा साधा करावा. पुढारी घरांनी थाट सोडला, तरच गरिबाला तो सोडण्याची मोकळीक मिळते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या नवी पेठेत नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून ‘श्री’ लिहितात आणि मग खाती उघडतात. त्यांत एक खाते या निधीचे उघडावे, आणि ते दरवर्षी पुढच्या वहीत ओढावे, अशी माझी पेठकऱ्यांना विनंती आहे.