बोटांची शर्यत

गेल्या महिन्यात मंडळात वर्धापनदिनाच्या आमंत्रणपत्रिका संगणकावर तयार करण्याचे काम चालले होते. त्या वेळी शेजारच्या एका सूनबाईने मला विचारले, "काकू, मराठी टायपिंग शिकायचं तर कोणता कळफलक धरावा? वेग कशावर लवकर येतो?" तीस-बत्तीस वर्षे कचेरीत टंकलेखन केलेल्या बाईपाशी याचे उत्तर तयार हवे. पण मी "सांगते पुढे" म्हणून वेळ मारून नेली. कारण या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या भगिनींचा वाटा मोठा आहे. तो आज थोडक्यात सांगते.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर शोल्स नावाचे एक वृत्तपत्रकार होते. त्यांनी दोन साथीदारांसह 1868 साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. पुढे बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र हाती घेऊन 1874 साली बाजारात आणले. ते शिवणयंत्राच्या मेजावर बसविलेले असे, त्यावर फुले रंगविलेली असत, आणि ओळ संपली की पायटा दाबून गाडा मागे न्यावा लागे! आरंभी अक्षरे वर्णक्रमाने होती. मधल्या ओळीतील डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही रांग त्याचीच खूण. मग फेरफार होत होत वरच्या ओळीला क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी आजची मांडणी आली. टंकणारणीचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी ही मांडणी केली, असे पुष्कळदा सांगतात. त्याला आधार नाही. यंत्रातील दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून काही अक्षरे दूर ठेवली असावीत, एवढे म्हणता येते. पण ई आणि आर ही इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी अक्षरे तर शेजारी-शेजारीच राहिली.

त्या काळी बहुतेक लोक दोन-चार बोटांनी, कळांकडे पाहत टंकीत. सिनसिनाटी येथे श्रीमती लाँगली नावाच्या बाई लघुलेखन व टंकलेखनाची शाळा चालवीत. सर्व बोटांनी टंकावे, प्रत्येक बोटाला आपापल्या कळा वाटून द्याव्या, असे त्यांनी 1882 साली पाठांचे पुस्तक काढून सांगितले. पुष्कळांना ते पटले नाही. मग 25 जुलै 1888 रोजी त्याच शहरात एक जाहीर शर्यत झाली. एका बाजूस न्यायालयातील लघुलेखक फ्रँक मॅकगरिन. यंत्र रेमिंग्टन, सर्व बोटे कामाला आणि नजर कागदावर. दुसऱ्या बाजूस लुई ट्रॉब. त्यांच्या कॅलिग्राफ यंत्रावर लहान व मोठ्या लिपीच्या निराळ्या मिळून 72 कळा. मॅकगरिन सहज जिंकले, आणि रेमिंग्टनच्या मांडणीचा डंका वाजला.

भगिनींनो, येथेच हिशेबात चूक झाली असे मला वाटते. माणूस वेगळा, यंत्र वेगळे, पद्धतही वेगळी. मग विजय कोणाचा मानायचा? श्रेय कळफलकाने घेतले. लाँगलीबाईंचे नाव मात्र टायपिंगच्या वर्गात मी कधी ऐकले नाही.

पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक ऑगस्ट द्वोरॅक यांनी 1936 साली नव्या मांडणीचे पेटंट घेतले. इंग्रजीचे पाचही स्वर त्यांनी डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ठेवले. जुन्या मांडणीत मधल्या ओळीवर जेमतेम तिसरा हिस्सा काम पडते; नव्या मांडणीत ते सुमारे 70 टक्के झाले. बोटांची धावाधाव वाचली, हे खरेच. 1944 साली अमेरिकन नौदलाच्या चाचणीत 14 टंकलेखकांना ही मांडणी शिकविली, तेव्हा वेग खूप वाढल्याचा अहवाल आला. पण द्वोरॅक त्या वेळी नौदलातच अधिकारी होते, हे लक्षात घ्यायला हवे. 1956 साली अर्ल स्ट्राँग यांनी केलेल्या सरकारी चाचणीत निराळेच दिसले. नवी मांडणी शिकून जुना वेग गाठायलाच रोज चार तासांप्रमाणे पंचवीसहून अधिक दिवस लागले. तेवढाच जादा सराव जुन्या मांडणीवर करणाऱ्यांची प्रगती अधिक झाली. या चाचणीवरही आक्षेप आले. वाद अजून मिटलेला नाही. परंतु मांडणी बदलताच वेग दुप्पट होतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू. देवनागरी टंकयंत्रावर ध, भ यांसारखी काही अक्षरे अर्धी टंकून मग काना जोडावा लागे, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने हात चाले. 1986 साली संगणकासाठी इनस्क्रिप्ट मांडणी आखली गेली आणि 1991 साली ती भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर. आणि वेलांटी व्यंजनानंतर, म्हणजे जसे बोलतो तसे. तर्काला ही मांडणी फार सोयीची आहे.

पण तर्क बोटांना कोठे कळतो? आमच्या कचेरीत संगणक आले तेव्हा माझा मराठी वेग मिनिटाला चाळीस शब्दांचा होता. नव्या मांडणीवर तो बारावर आला. वेलांटी आधी पडे आणि मी पुसत बसे. घरी पुठ्ठ्यावर कळा काढून, कुकरच्या शिट्या मोजत मोजत बोटे फिरविली. जुना वेग यायला साडेतीन महिने लागले. शिकण्यासाठी कचेरीने एक तासही वेगळा दिला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरील बाई माझ्याहून वेगवान होत्या. रोज साहेबांपुढे चुका दाखवून घेणे त्यांना सोसले नाही. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कळफलक बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत दिसत नाही, तो बोटे चालविणाऱ्यांच्या पदरी पडतो. त्या बाईंची आठवण झाली की अजून वाईट वाटते.

तेव्हा सूनबाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. तुझी बोटे अजून कोणत्याच सवयीची नाहीत, म्हणून तू इनस्क्रिप्ट शिक. ती आपल्या बाराखडीला धरून आहे. ज्यांना जुनी मांडणी येते त्यांनी ती खुशाल ठेवावी. दोघींनीही सर्व बोटे वापरावी, कळांकडे पाहू नये आणि रोज अर्धा तास बसावे. वेग येईल तो यामुळे. आणि उद्या तुझ्या हाताखाली कोणी काम करू लागली आणि यंत्र बदलायची वेळ आली, तर तिला शिकायला सवड दे.