चिंधीपासून गोधडीपर्यंत

वऱ्हाडातील कापूसपट्टा १८५३च्या तहाने इंग्रजी कारभाराखाली गेला आणि १८७०मध्ये खामगावपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर तेथील कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे वेगाने जाऊ लागल्या. १८७७मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अशा गिरणीत कापूस पिंजताना गळणारा आखूड तंतू गाद्यांत भरला जातो किंवा त्यापासून जाडेभरडे सूत निघते, तर कापडाच्या उरलेल्या तुकड्यांना, म्हणजे चिंध्यांना, गोधडीत नवे आयुष्य मिळते. जुन्या लुगड्याचे थर अंथरून, त्यांवर रंगीत तुकडे जुळवून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालणाऱ्या बायकांनीच या वस्त्राची रचना घडवली. म्हणून चिंध्यांपासून आज पिशव्या, आसने घडवणाऱ्यांनी या कारागीर स्त्रियांना श्रेय आणि योग्य मोबदला दिलाच पाहिजे.