ग्रहांची रांग

ग्रहांची रांग : संध्याकाळी किंवा पहाटे अनेक ग्रह आकाशात एका कमानीवर ओळीने दिसण्याची स्थिती. दोन ग्रह अगदी जवळ दिसले तर त्यांची युती होते. रांगेतले ग्रह क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेले असू शकतात. ‘दुर्मिळ योग’ म्हणून या दृश्याची बातमी होते, पण त्यात दुर्मिळ काय आणि नित्याचे काय हे नीट वेगळे केले पाहिजे. ग्रहांचे एका वेळी आकाशाच्या एका बाजूला येणे अधूनमधून घडते. ओळ मात्र नेहमीचीच असते.

पृथ्वीच्या कक्षेची पातळी शून्य धरली तर बुधाची कक्षा 7 अंशांनी, शुक्राची 3.4, शनीची 2.5, मंगळाची 1.85 आणि गुरूची 1.3 अंशांनी कललेली आहे; युरेनस आणि नेपच्यून यांचा कल 2 अंशांहूनही कमी आहे. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी कोवळ्या सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू व धुळीच्या चपट्या तबकडीतून हे ग्रह घडले, म्हणून त्यांच्या कक्षा जवळपास एका पातळीत राहिल्या. त्याच पातळीत राहून आपण ती पाहतो, त्यामुळे ती आकाशात एका वर्तुळरेषेसारखी दिसते. हेच क्रांतिवृत्त, बारा राशी याच पट्ट्यात आहेत. रेषा अगदी काटेकोर नाही. शुक्र पृथ्वीजवळ असताना क्रांतिवृत्तापासूनचे त्याचे अंतर, म्हणजे पंचांगाच्या भाषेत त्याचा शर, 8 अंशांच्याही वर जाऊ शकते. तरीही एखादा ग्रह ध्रुवताऱ्याजवळ किंवा सप्तर्षींत कधीच दिसत नाही, आणि सूर्यमालेच्या जन्माचा इतका ढळढळीत पुरावा नुसत्या डोळ्यांना दुसरा नाही.

ओळ कायमची असेल तर ती रोज का दिसत नाही, हा प्रश्न रास्त आहे. बुध सूर्याभोवतीची फेरी 88 दिवसांत पुरी करतो, गुरूला जवळजवळ 12 वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस आणि नेपच्यूनला सुमारे 165. या असमान चालींमुळे ग्रह कधी पांगतात, कधी एका बाजूला गोळा होतात. 28 फेब्रुवारी 2025च्या संध्याकाळी सातही ग्रह एकाच वेळी क्षितिजाच्या वर होते, पण युरेनस आणि नेपच्यून पाहायला दुर्बीण हवी होती आणि शनी संधिप्रकाशात जवळपास बुडाला होता. दिसणारी जवळीकही दिशेपुरतीच असते. 21 डिसेंबर 2020 रोजी गुरू आणि शनी यांच्यात अंशाचा केवळ दहावा भाग उरला होता. अवकाशात मात्र त्यांच्यामध्ये 70 कोटी किलोमीटरहून अधिक अंतर होते.

अशा मेळाव्यांनी पृथ्वीवर उत्पात होतो, ही समजूत अधिक गंभीरपणे तपासायला हवी, कारण तिने माणसांना खरोखर घाबरवले आहे. फेब्रुवारी 1962मध्ये सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी मकर राशीत सुमारे 17 अंशांत जमले. केतू धरून या योगाला अष्टग्रही म्हटले गेले आणि देशभर यज्ञ झाले. सूर्यच मध्ये असल्याने हा मेळावा रात्रीच्या आकाशात दिसणारही नव्हता. ग्रहांच्या एकत्रित ओढीचा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. भरती-ओहोटी घडवणारा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो; त्यामुळे शुक्र अगदी जवळ असतानाही त्याचा परिणाम चंद्राच्या सुमारे एकोणीस हजाराव्या भागाइतका असतो, आणि महाकाय गुरूचा त्याहूनही नऊपट कमी. शिवाय 1962मध्ये शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी सूर्याच्या पलीकडे, म्हणजे पृथ्वीपासून दूर होते. ज्या योगाची सर्वाधिक धास्ती घेतली गेली, त्यात या चौघांची ओढ उलट क्षीण होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध झाले, याकडे बोट दाखवले जाते. पण आठ महिन्यांनंतरची घटनाही पुरावा म्हणून चालत असेल, तर कोणतेही भाकीत खोटे ठरूच शकत नाही. उलट, मोठे उत्पात अशा योगाविनाही घडले आहेत: पानशेतचे धरण योगाच्या आधीच, जुलै 1961मध्ये फुटले होते. डिसेंबर 1967मध्ये कोयना भूकंपाने हादरली तेव्हा गुरू सिंहेत आणि शनी मीनेत असे दूर पांगलेले होते.

ग्रहांच्या जुळणीचा उपयोग झाल्याचे खरे उदाहरण अवकाशयानांचे आहे. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून साधारण 175 वर्षांतून एकदा असे मांडले जातात की एका ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने वेग घेऊन यान पुढच्याकडे जाऊ शकते. ही संधी 1965मध्ये अवकाश-अभियंते गॅरी फ्लॅन्ड्रो यांनी गणिताने हेरली. ऑगस्ट 1977मध्ये निघालेले व्हॉयेजर 2 हे यान गुरू, शनी आणि युरेनस यांना ओलांडून बारा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1989 रोजी नेपच्यूनजवळून गेले. त्यासाठी ग्रह सरळ रेषेत असण्याची गरज नव्हती. प्रत्येक ग्रह ठरल्या वेळी आपल्या कक्षेत योग्य जागी असणे पुरेसे होते.