सोंगाड्या पाटील होतो तेव्हा : निळू फुले

इथं मुळशीत पाटील, पुढारी, जमिनीचे व्यवहार हे काही समजावून सांगावं लागत नाही. निळूभाऊंचा पडद्यावरचा पाटीलही तुम्हाला पाठ आहे. पण तो पाटील आला कुठून? माझं म्हणणं असं, की तो सोंगाड्यातून आला.

तमाशातला वग आठवा. हुकूम राजाचा, पण टाळ्या सोंगाड्याला. आता राजाची फजिती करायची, तर त्याची चाल, त्याची गुर्मी सोंगाड्याला आतून ठाऊक हवी ना? निळूभाऊंचं शिक्षण हेच. पुण्याचा हा तरुण, माळीकाम करायचा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तो वगनाट्यं करू लागला, पु. लं.च्या ‘पुढारी पाहिजे’तही होता. पुढे शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आलं आणि विनोदी नट म्हणून त्यांचं नाव झालं.

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते सिनेमात आले. १९७२ मध्ये रंगभूमीवर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला. आणि मग जब्बार पटेलांचा ‘सामना’. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला हा सिनेमा. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील बघा. दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, गोड बोलतो. शब्द लांबवणं, मध्येच थांबणं, डोळ्यांनी हसणं, ही सगळी सोंगाड्याचीच हत्यारं. वगात त्यांनी हशा पिकायचा, इथं अंगावर काटा येतो. कारण आता हसतोय तो सत्ताधारी.

बरं, नुसत्या पाटलातही ते अडकले नाहीत. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ बाहेरून बघत राहतो.

खेड्यापाड्यातल्या बायाबापड्या मात्र त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या. आणि हा माणूस डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटत होता! १३ जुलै २००९ ला ते गेले.

पाटलाची नक्कल आजही पोरं करतात, हसतात. पण निळूभाऊंनी ती सत्ता ओळखता यावी म्हणून रंगवली होती. आपल्या गावात असा गोड बोलणारा भेटला, तर तो आपल्याला ओळखता येतो का? तेवढं स्वतःला विचारा.